राजा, कवी आणि पेचप्रसंग: ऐतिहासिक कथा-कादंबरी लिहिताना कामाचा क्रम

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांतून दिवाळी अंकांसाठी, तसेच कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा येथील साहित्य संमेलनांच्या निमित्ताने लिहिल्या जाणाऱ्या ऐतिहासिक कथा वाचताना एकच दोष पुन्हा पुन्हा समोर येतो. लेखक आधी संवाद लिहितो आणि मग त्या संवादांना पुरेल एवढा इतिहास शोधतो. त्यामुळे राजा बोलतो भरपूर, पण त्याला नेमका कसला निर्णय घ्यायचा आहे आणि तो आजच का घ्यायचा आहे, हे वाचकाला कळत नाही. कवी असला तर तो प्रत्येक दुःखावर एक कविता म्हणतो आणि प्रसंग तिथेच विरून जातो.

राज्यकर्त्याच्या किंवा कवीच्या खासगी आयुष्यातल्या संकटावर लिहू इच्छिणाऱ्यांसाठी कामाचा क्रम खाली दिला आहे. क्रम बदलू नये, कारण पुढचा प्रत्येक टप्पा मागच्या टप्प्यातल्या कागदावर उभा राहतो. उदाहरण शक्यतो एकच ठेवले आहे. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा हा स्वतः गीते रचणारा सुलतान होता, आणि १५९४ च्या सुमारास त्याचा धाकटा भाऊ इस्माईल याने बेळगावच्या किल्ल्यातून त्याच्याविरुद्ध बंड केले. आपल्या दाराशी घडलेली ही घटना मराठी कथेत फारशी आलेली नाही, म्हणून ती सरावाला घेणे सोयीचे आहे.

## १. चरित्र बाजूला ठेवा, निर्णयाचे दिवस निवडा

पहिल्या वहीत नायकाचा जन्म, बालपण, राज्यारोहण आणि मृत्यू असा आराखडा मांडण्याची सवय सोडावी लागते. त्याऐवजी एका कागदावर तीन प्रश्न लिहावेत. या माणसासमोर कोणते दोन मार्ग आहेत? दोन्ही मार्गांत त्याचे काय जाते? निर्णय लांबवला तर तो कोण आणि केव्हा त्याच्या हातून काढून घेईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही तर प्रसंग बदलावा.

इब्राहिम नऊ वर्षांचा असताना, १५८० साली गादीवर आला आणि पुढची सुमारे दहा वर्षे कारभार पालकसरदारांच्या हाती राहिला. १५९० नंतर तो खऱ्या अर्थाने स्वतःच्या सत्तेचा धनी झाला. बंड झाले तेव्हा तो जेमतेम चोवीस वर्षांचा होता. इस्माईल बेळगावच्या किल्ल्यात नजरकैदेत होता. ऐन-उल-मुल्क हा बडा सरदार इस्माईलच्या बाजूला गेला आणि अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाने मदतीची तयारी दाखवली. शेवटी बंड फसले, ऐन-उल-मुल्क मारला गेला आणि इस्माईलचाही अंत झाला. यात तिन्ही प्रश्नांची उत्तरे आहेत: भावाला क्षमा करावी तर गादी धोक्यात, न करावी तर भाऊ जातो, आणि उशीर केला तर अहमदनगरची फौज येते.

कित्तूरच्या इतिहासातही असा एक घट्ट तुकडा आहे. कित्तूरचा देसाई शिवलिंगरुद्रसर्जा याचा मृत्यू सप्टेंबर १८२४ मधला आहे आणि धारवाडचा कलेक्टर थॅकरे कित्तूरच्या दाराशी मारला गेला तो २३ ऑक्टोबर १८२४ रोजी. मधल्या जेमतेम सहा आठवड्यांत घरातले सुतक, दत्तकाचा प्रश्न, इंग्रजांचा नकार आणि लढाईची तयारी हे सगळे एका वाड्यात एकाच वेळी चालू होते. राणी चन्नम्मावर लिहिणारे बहुतेक जण लढाईचा दिवस रंगवतात. माझ्या मते कथा त्या आधीच्या सहा आठवड्यांत आहे.

तपासा: निवडलेला काळ कथेसाठी काही दिवसांचा आणि कादंबरीसाठी काही महिन्यांचा असावा. त्याहून लांब असेल तर तुम्ही अजून चरित्रच लिहीत आहात.

## २. साधने गोळा करा आणि त्यांची प्रतवारी लावा

साधनांचे चार गठ्ठे करावेत. पहिल्यात शिलालेख, फर्माने, पत्रे आणि हिशेबाचे कागद, म्हणजे घटनेच्या वेळीच लिहिलेले सगळे. दुसऱ्यात समकालीन इतिहासकारांचे लेखन. तिसऱ्यात बखरी आणि नंतरच्या पिढ्यांचे ग्रंथ. चौथ्यात लावण्या, गीगी पदे, गावातल्या आख्यायिका आणि शाळेतले धडे. चारही गठ्ठे उपयोगाचे आहेत, मात्र त्यांचा उपयोग एकसारखा नाही. पहिल्या दोन गठ्ठ्यांवरून काय घडले ते ठरवावे, आणि लोकांना ते कसे आठवते हे चौथ्यावरून ठरवावे.

आपल्या उदाहरणात मुख्य साधन आहे फारसीत लिहिणारा इतिहासकार फरिश्ता. तो इब्राहिमच्याच चाकरीत होता आणि आपला इतिहास त्याने पुढे इब्राहिमलाच अर्पण केला. त्यामुळे घटनाक्रमासाठी तो मोलाचा आहे, पण इस्माईलची बाजू त्याच्या पानांत सापडणार नाही. ही गोष्ट वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावी, कारण सहाव्या टप्प्यात तिचाच आधार घ्यायचा आहे. बसातीन-उस-सलातीन हा विजापूरचा प्रसिद्ध इतिहास एकोणिसाव्या शतकातला आहे, म्हणून तो तिसऱ्या गठ्ठ्यात जातो. १८८४ साली निघालेले बेळगाव जिल्ह्याचे इंग्रजी गॅझेटियर वाचायला सोपे आहे आणि सुरुवात करायला चांगले आहे, पण अनेक जण तिथेच थांबतात. गॅझेटियर दुसऱ्यांच्या आधारावर लिहिलेले आहे, हे विसरू नये.

सीमाभागातल्या लेखकाने आणखी एक शिस्त पाळणे आवश्यक आहे. मराठी साधन मिळाले की त्याच विषयाचे कानडी साधन शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. बैलहोंगल तालुक्यातल्या बेळवडीच्या ज्या स्त्रीने १६७८ च्या सुमारास मराठी फौजेला झुंजवले, तिला मराठी लेखन सावित्रीबाई म्हणते आणि कानडी परंपरा मल्लम्मा म्हणते. एकाच भाषेतले वाचून लिहिणाऱ्याच्या हाती निम्मी बाई लागते. बेळगावावर राज्य केलेल्या रट्ट घराण्याच्या बाबतीत तर कानडीवाचून गत्यंतरच नाही. चौथ्या कार्तवीर्याचा मंत्री बिचिराज याने बेळगावच्या किल्ल्यात जैन मंदिर उभारले, त्याच राजाच्या आश्रयाने पार्श्वपंडित हा कवी कानडीत पुराण रचत होता, आणि किल्ल्यातले १२०४ चे दोन कानडी शिलालेख आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यांचे वाचन छापील रूपात उपलब्ध आहे. हळेगन्नड, म्हणजे जुनी कानडी, वाचता येत नसेल तर वाचणारा माणूस गाठावा. त्यासाठी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील कन्नड संशोधन संस्थेपर्यंतचा प्रवास वाया जात नाही. मोडीसाठी कोल्हापूरचे पुराभिलेखागार आणि पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ, तर जुन्या मराठी पुस्तकांसाठी १८४८ पासून चालू असलेले बेळगावचे सार्वजनिक वाचनालय, अशी जाण्याची ठिकाणे ठरवून घ्यावीत.

सावधान: दोन साधनांत तारीख वेगळी आली की लेखक आवडीची तारीख उचलतो. राणी चन्नम्माच्या मृत्यूची तारीख काही ठिकाणी २ फेब्रुवारी १८२९ आणि काही ठिकाणी २१ फेब्रुवारी १८२९ अशी छापलेली आढळते. अशा वेळी दोन्ही नोंदवाव्यात आणि प्रसंग असा रचावा की तो कोणत्याही तारखेला खरा ठरेल.

## ३. सर्व तारखा एका गणनेत आणा

या टप्प्यावर सर्वांत जास्त चुका होतात आणि त्या पुढे दुरुस्त करणे फार जड जाते. आपल्या भागाच्या कागदपत्रांत शालिवाहन शक, हिजरी, शुहूर, फसली आणि १६७४ नंतर राज्याभिषेक शक अशा अनेक गणना येतात. एका वहीत त्या शेजारी शेजारी मांडाव्यात.

शकवर्षात ७८ मिळवले की इसवी सन येतो, मात्र जानेवारी ते गुढीपाडवा या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. शुहूर सन सूर्य मृग नक्षत्रात जातो तेव्हा बदलतो, म्हणून त्यात मृगानंतर ५९९ आणि जानेवारी ते मृग या काळात ६०० मिळवावे लागतात. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकते, त्याला एकच आकडा मिळवून भागत नाही, त्यासाठी जंत्री, म्हणजे तारखांच्या रूपांतराचे कोष्टक, उघडावीच लागते.

१५९४ चा पावसाळा घेतला तर शके १५१६, शुहूर ९९५ आणि हिजरी १००२ अशी वर्षे एकाच वेळी चालू होती. मोडी कागदात शुहूर सन आकड्यांऐवजी अरबी शब्दांत येतो, जसे की खमस तिसैन तिसा मया. हे शब्द पाहिले की नवखा वाचक सन हिजरी समजून रूपांतर करतो, आणि घटना सात-आठ वर्षे मागे जाते. तेवढ्या फरकाने इब्राहिम चोवीस वर्षांचा सुलतान राहत नाही, पालकसरदाराच्या हाताखालचा मुलगा होतो आणि सगळी कथा कोसळते.

शिलालेखात शक 'गत' (पूर्ण झालेले वर्ष) आहे की 'चालू' (सुरू असलेले वर्ष) आहे हेही पाहावे. साठ संवत्सरांपैकी संवत्सराचे नाव दिलेले असेल तर ते पडताळणीला उत्तम. युरोपीय कागद असतील तर पोर्तुगीजांची तारीख १५८३ पासून ग्रेगरियन आणि इंग्रजांची १७५२ पर्यंत ज्युलियन धरावी. सतराव्या शतकात या दोहोंत दहा दिवसांचे अंतर आहे.

तपासा: वहीतल्या प्रत्येक तारखेपुढे मूळ गणना आणि रूपांतरित गणना दोन्ही आहेत ना? फक्त इसवी सन लिहिलेली ओळ खोडून पुन्हा शोधावी.

## ४. 'कोणाला केव्हा कळले' हा रकाना भरा

आता एक तक्ता तयार करायचा आहे. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात घटना, तिसऱ्यात साधन आणि चौथ्यात प्रत्येक मुख्य पात्राला ती घटना कळण्याचा दिवस. पहिले तीन रकाने बहुतेक लेखक भरतात. चौथा कोणी भरत नाही, आणि माझ्या अनुभवात चांगली ऐतिहासिक कथा नेमकी याच रकान्यातून निघते.

बेळगाव ते विजापूर हे अंतर आजच्या रस्त्याने साधारण दोनशे किलोमीटर आहे, आणि वाटेत घटप्रभा आणि कृष्णा या दोन्ही नद्या ओलांडाव्या लागतात. कथेच्या हिशेबापुरते असे धरू की घोड्यावरचा जासूद दिवसाला पन्नास किलोमीटर जातो आणि तोफा, बैल, बाजारबुणगे यांच्यासह निघालेली फौज पंधरा. म्हणजे बंडाची बातमी सुलतानाला चौथ्या दिवशी कळते आणि त्याची फौज तटाखाली पोहोचायला त्यापुढे दोन आठवडे लागतात. अहमदनगरचे अंतर याच्या दुपटीच्या आसपास आहे, म्हणजे निजामशाही फौजेला आजच निघाली तरी महिना हवा.

या आकड्यांकडे शांतपणे पाहिले तर प्रसंग आपोआप उघडत जातो. पहिले चार दिवस सुलतान आपल्या भावाला निष्ठावंत समजून जगतो. त्या दिवसांत तो जे काही करतो, गाणे ऐकतो, दान देतो, भावाची चौकशी करतो, त्या प्रत्येक कृतीवर वाचकाच्या मनात सावली पडते, कारण वाचकाला बातमी आधीच ठाऊक असते. इकडे किल्ल्यात इस्माईलला रोज दिवस मोजावे लागतात. शत्रूची फौज कोणत्या दिवशी दिसेल हे त्याला ठाऊक आहे, आणि मदत त्यानंतर किती दिवसांनी येऊ शकते हेही ठाऊक आहे. दोन्हींमधल्या दिवसांत तो कोणावर विश्वास ठेवतो, धान्याचे पेव कधी मोजायला लावतो, रात्री तटावर कोण जागतो, हे सगळे संघर्षाचे साहित्य आहे आणि यातला एकही दिवस लेखकाने ओढूनताणून आणलेला नाही.

पावसाळा असेल तर हिशेब पुन्हा करावा. बेळगाव-खानापूर पट्ट्यातला पाऊस आणि चढलेली कृष्णा यांमुळे जासूद काठावर अडकतो, नावाड्याची मिनतवारी करावी लागते, आणि चौथ्या दिवसाची बातमी आठव्या दिवशी पोहोचते. मात्र पावसाळा सोयीसाठी आणू नये. साधनातल्या तारखेत पावसाळा बसत असेल तरच तो कथेत यावा.

सावधान: पात्राच्या तोंडी त्याला अजून न पोहोचलेली माहिती घालणे हा या प्रकारच्या लेखनातला सर्वांत सामान्य दोष आहे. प्रत्येक संवादाशेजारी पेन्सिलीने तक्त्यातला दिवस लिहावा.

## ५. जागा पाहा आणि नको ते पुसून टाका

बेळगावच्या किल्ल्याला सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा अशी फेरी घालावी. खंदकाच्या कडेने चालत तटाचा घेर पावलांनी मोजावा, दुर्गादेवीच्या मंदिराजवळच्या दरवाजातून आत शिरताना वाट कशी वळते ते पाहावे, आणि आतल्या कमळ बस्ती या जैन मंदिरात छताकडे मान वर करून त्या दगडी कमळाच्या पाकळ्या नीट पाहाव्यात. हे मंदिर इस्माईलच्या वेळी चारशे वर्षांचे जुने होते. सफा मशीदही तेव्हा उभी होती, ती आदिलशाही सरदार असद खान लारीच्या काळातली, म्हणजे सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातली आहे. किल्ल्याचा काही भाग लष्कराकडे असल्यामुळे छायाचित्रे काढण्यापूर्वी विचारून घ्यावे.

त्यानंतर त्या काळी नसलेल्या गोष्टींची यादी करावी. बेळगावचा कॅम्प १८१८ नंतरचा आणि टिळकवाडी विसाव्या शतकातली. विजापुरात गोलघुमट नव्हता, तो इब्राहिमच्या मुलासाठी, मुहम्मद आदिलशहासाठी उभारला गेला. नवरसपूर हे संगीताचे शहर इब्राहिमने वसवायला घेतले १५९९ साली, त्यामुळे १५९४ च्या कथेत ते येणार नाही. स्वयंपाकघरातून बटाटा, टोमॅटो आणि चहा काढून टाकावा. तिखटासाठी मिरे घ्यावे, मिरची तेव्हा पोर्तुगीजांमार्फत नुकतीच शिरत होती. तंबाखूही तशीच नवी होती. अकबराच्या दरबारात ती त्याचा वकील असद बेग याने विजापूरहून नेली, ती सतराव्या शतकाच्या आरंभी. म्हणून शिपायाच्या कमरेला तंबाखूची चंची दाखवू नये.

## ६. कल्पना कुठे चालवायची ते ठरवा

तक्ता पूर्ण झाला की साधने जिथे गप्प आहेत त्या जागा लाल शाईने दाखवाव्यात. इस्माईलने बंडाचा विचार कधी केला, हे कोणी लिहिलेले नाही. बातमी आल्यावर इब्राहिम पहिल्यांदा काय म्हणाला, हेही नाही. कल्पनेला तिथे पूर्ण मोकळीक आहे. ज्याविषयी साधन बोलते तिथे मात्र ती चालवू नये. इस्माईलला जिवंत सोडणारी कथा रंजक होईल, पण ती वेगळ्या नावांनी लिहावी.

पुढचा निर्णय निवेदकाचा. राजाच्या मनात थेट शिरून लिहिणे सोपे वाटते आणि नव्या लेखकाला तेच फसवते, कारण राजा मग लेखकासारखाच विचार करू लागतो. त्याऐवजी प्रसंगाजवळ असणारा, पण निर्णय घेण्याचा अधिकार नसलेला माणूस निवडावा. आदिलशाहीत इब्राहिमच्या आजोबांच्या पिढीपासून, म्हणजे पहिल्या इब्राहिमपासून, महसुलाचा जमाखर्च फारसीऐवजी देशी भाषेत ठेवण्याची पद्धत पडली आणि त्यात ब्राह्मण कारकून आले. म्हणून बेळगावच्या किल्ल्यात धान्याचा हिशेब मोडीत लिहिणारा एक मराठी कारकून पूर्णपणे शक्य आहे. त्याच्या वहीत पेवातले धान्य उतरत जाते, आणि त्याला ते आकडे शहजाद्याला सांगायचे की किल्ल्याबाहेर, हा त्याचा स्वतःचा पेच होतो. त्याला नाव कल्पित द्यावे आणि ते कल्पित आहे हे शेवटच्या टिपेत सांगावे.

तपासा: कल्पित पात्र काढून टाकले तर ऐतिहासिक घटना जशीच्या तशी उरते का? उरत नसेल, तर तुमच्या कारकुनाने इतिहास बदलला आहे.

## ७. कवीची कविता जपून वापरा

इब्राहिमची दखनी गीते किताब-ए-नवरस या संग्रहात रागवार लावलेली आहेत, आरंभी सरस्वतीचे स्मरण आहे, आणि त्यांत त्याचा हत्ती आतश खान आणि तंबोरा मोती खान यांचीही नावे येतात. इतके सुंदर साहित्य हाती लागले की लेखक लगेच एक गीत उचलून बंडाच्या रात्री सुलतानाच्या तोंडी घालतो. हे करू नये. गीतांवर तारखा नाहीत. एखादे विशिष्ट गीत एखाद्या विशिष्ट रात्री सुचले असे दाखवणे म्हणजे वाचकाला खोटी माहिती देणे आहे. गीत त्याच्या नेहमीच्या सवयीचा भाग म्हणून मागे ऐकू येऊ द्यावे, किंवा ते तो अर्धवट सोडतो असे दाखवावे.

खऱ्या कवीच्या नावावर स्वतः रचलेल्या ओळी कधीही घालू नयेत. आज समाजमाध्यमांवर अशा ओळी मूळ म्हणून फिरतात आणि दहा वर्षांनी कोणीतरी त्या शोधनिबंधात वापरतो. कल्पित कवी असेल तर रचना करायला हरकत नाही, पण छंद काळाला शोभणारा हवा. मराठी पात्राला ओवी किंवा अभंग, शरणांच्या परंपरेतल्या पात्राला वचन, दखनी पात्राला दोहरा. सोळाव्या शतकातल्या मराठी माणसाच्या तोंडी मुक्तछंद आणि गझल येऊ देऊ नये.

कवीचे संकट कवितेतून सांगण्यापेक्षा कविता अडल्याचे दाखवणे अधिक परिणामकारक असते, असे मला ठामपणे वाटते. लिहिता येत नाही, तार लागत नाही, मात्रा चुकते, अशा हाताला दिसणाऱ्या गोष्टी शोधाव्यात.

## ८. बोली आणि संबोधने

निवेदनाची भाषा आजची प्रमाण मराठी ठेवली तरी चालते, पण ती सरळ असावी. दर ओळीला 'हे नियती' आणि 'धन्य धन्य' येऊ लागले की वाचक पान उलटतो. दरबारात सुलतानाला हुजूर किंवा हजरत म्हणावे. 'महाराज' म्हणू नये. परगण्याचा वतनदार देसाई किंवा नाडगौडा, त्याचा लेखनिक देशपांडे; गावचा लेखनिक कुलकर्णी.

बेळगावची आजची बोली, 'काय करूलालास', 'बघ की गा' ही रूपे, कानाला गोड आहेत आणि आजच्या पात्रांना शोभतात. मात्र सोळाव्या शतकातल्या कारकुनाला ती जशीच्या तशी दिल्यास वाचकाला आजचा माणूसच दिसतो. त्याऐवजी वाक्यांची ठेवण आणि कानडीशी असलेली रोजची ये-जा दाखवावी. किल्ल्यातला कारकून मराठीत लिहितो, शिपायाशी कानडीत बोलतो आणि अधिकाऱ्यापुढे दखनीत चाचरतो, एवढे दाखवले की प्रदेश उभा राहतो.

## ९. पहिला खर्डा

आता लिहायला बसावे. पहिला प्रसंग बातमी पोहोचण्याचा लिहावा, बंडाचा नंतर. खाली त्याच प्रसंगाचे दोन खर्डे सरावासाठी रचून दिले आहेत. पहिल्यासारखे हस्तलिखितांत वारंवार दिसते:

*गोलघुमटावर चंद्र उगवला होता. सुलतानाच्या डोळ्यांत अश्रू तरळले. 'नियती किती क्रूर आहे! माझ्या रक्तानेच माझा घात केला!' असे म्हणून त्याने वीणा छातीशी धरली.*

दुसरा तक्त्यावरून लिहिलेला आहे:

*जासूद उंबऱ्याबाहेर उभा होता. कृष्णेच्या काठचा काळा चिखल त्याच्या पायांवर सुकून पांढरा पडला होता. सुलतानाने तंबोऱ्याची तार उतरवली, पुन्हा चढवली. 'बेळगावहून कोणत्या वारी निघालास?' जासुदाने वार सांगितला. सुलतानाने बोटांवर दिवस मोजले आणि मोजता मोजता थांबला. त्याच वारी त्याने धाकट्या भावासाठी फळांची टोपली रवाना केली होती.*

दुसऱ्या खर्ड्यात दुःखाचा उल्लेखही नाही. प्रवासाचे दिवस, नदी, वार आणि टोपली एवढ्यावर तो उभा आहे, आणि यातली टोपली सोडली तर बाकी सगळे चौथ्या टप्प्यातल्या रकान्यातून आले आहे.

खर्डा एका दमात पूर्ण करावा. मध्ये एखादा तपशील अडला तर तिथे चौकोनी कंस घालून पुढे जावे, शोधासाठी उठू नये. मागील टप्पे नीट झाले असतील तर असे कंस थोडेच राहतात. फार झाले तर लेखन थांबवून दुसऱ्या टप्प्याकडे परत जावे.

## १०. तपासणी आणि लेखकाची टीप

खर्डा आठवडाभर बाजूला ठेवून तीन वेगवेगळ्या वेळी वाचावा. एकदा फक्त तारखांसाठी, एकदा फक्त वस्तूंसाठी, एकदा फक्त संबोधनांसाठी. तिन्ही एकदम तपासायला गेल्यास एकही नीट होत नाही.

त्यानंतर हस्तलिखित दोन जणांना द्यावे. एक जण त्या काळाचा अभ्यासक असावा आणि दुसरा कानडी वाचणारा. सीमाभागात लिहिताना दुसऱ्या वाचकाला विशेष महत्त्व आहे. गावांची आणि घराण्यांची नावे तो दुरुस्त करतो, आणि कानडी समाजात ज्या व्यक्तीविषयी जिव्हाळा आहे तिच्यावर आपल्या हातून नकळत अन्याय झाला असेल तर तेही दाखवतो. कित्तूर, बेळवडी किंवा नंदगड येथे १८३१ साली फाशी गेलेला संगोळ्ळी रायण्णा यांच्यावर लिहिणाऱ्याने हे वाचन टाळू नये. घराण्याचे वंशज हयात असतील तर खासगी आयुष्याविषयीच्या कल्पित प्रसंगांत संयम ठेवावा आणि वादग्रस्त आरोप साधनाशिवाय करू नयेत.

शेवटी एक पानाची टीप लिहावी. कोणती पात्रे खरी, कोणती कल्पित, कोणत्या तारखेबद्दल मतभेद आहेत आणि त्यांतली कोणती स्वीकारली, कोणत्या प्रसंगाला आधार नाही, एवढे तीत असावे. आपल्या उदाहरणात कारकून, त्याची वही, फळांची टोपली आणि तंबोऱ्याची उतरलेली तार या चारही गोष्टी त्या टिपेत जातील. टीप कथेच्या शेवटी छापावी, सुरुवातीला छापू नये. स्पर्धेसाठी पाठवताना शब्दमर्यादेत ती धरली जाते का हे संयोजकांना आधी विचारावे, आणि धरली जात असेल तर कथेतले वर्णन कमी करावे, टीप गाळू नये.